‘आयुर्वेदिक’ म्हणजे मऊ नव्हे!

परवा पुणतांब्याचे एक आजोबा दात दाखवायला आले. कीड नव्हती, पण हिरडीलगत दातांना करवतीने कापल्यासारख्या खाचा. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मी तर चाळीस वर्षं आयुर्वेदिक मंजनच घासतो!”

वाचकहो, दोष लवंग-कडुनिंबाचा नाही. दात खरवडते ती सोबतची खडूची पूड, सिलिका किंवा लाल मंजनातील गेरू. त्यात जोराने आडवे घासण्याची सवय! दाताचे वरचे कवच टणक असते. मात्र हिरडी सरकून उघडे पडलेले मूळ मऊ असते. ते लवकर झिजते आणि झिजलेले पुन्हा भरून येत नाही.

टूथपेस्टचा खरखरीतपणा प्रयोगशाळेत मोजता येतो. आयएसओ मानकात त्याची कमाल मर्यादा २५० आहे. हा आकडा आपल्या ट्यूबवर सहसा दिसत नाही. तो छापणे सक्तीचे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९२ मध्ये सरकारने मंजनातील तंबाखूवर बंदी घातली. मग हे का जमू नये?

तोवर मंजन बोटांत चोळून पाहा. कचकच लागली, तर नको. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट आणि हलका हात पुरे.