'घाशीराम' ऐकताना

जयपूरच्या प्रताप नगरात आम्ही मराठी मंडळी अधूनमधून जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला जमतो. परवा 'घाशीराम कोतवाल'च्या एका प्रयोगाचं मुद्रण लावलं आणि निकाल लगेच लागला: शब्द पुसट, पायांची धडधड, मध्येच प्रेक्षकांचा हशा; त्यापेक्षा गाणी स्टुडिओत नीट गाऊन घेतली असती तर बरं. हे मला मुळीच मान्य नाही.

ही अपेक्षा जुन्या सवयीतून येते. संगीत नाटक आपल्या घरात शिरलं ते मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीतून. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात पद बसवायचं. गायक आत आला, नाटक बाहेर राहिलं. बालगंधर्वांच्या पदांना ती कसोटी शोभते. पण १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात रंगमंचावर आलेल्या या नाटकात लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल आणि संगीतकार भास्कर चंदावरकर यांनी गाणं सोपवलं ते मुख्यतः ब्राह्मणांच्या भिंतीवर, म्हणजे रंगमंचावर ओळीने उभ्या राहणाऱ्या नटांच्या समूहावर. एकट्या गळ्याची मोजपट्टी तिला कशी लावणार?

पुसट शब्दांचंच घ्या. ही माणसांची भिंत पाठ फिरवते, मागचं झाकते, पुन्हा वळते. ती पाठमोरी झाली की आवाज दबतो, समोर आली की उघडतो. न पाहताही भिंत बंद झाल्याचं कानाला कळतं ते यामुळेच. स्टुडिओत प्रत्येकापुढे माईक ठेवला की भिंत गेली.

हशाचंही तेच. कीर्तनाच्या नावाखाली मंडळी बावनखणीकडे, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीकडे निघतात, भक्तीची चाल लावणीत मिसळते, आणि सभागृह मनमोकळं हसतं. पुढे घाशीराम एका ब्राह्मणाला तापल्या गोळ्याचं दिव्य करायला लावतो, तेव्हा तेच सभागृह चिडीचूप. आधीचा हशा कापला तर या शांततेला अर्थ काय उरला?

प्रत्यक्ष प्रयोगाच्या मुद्रणाची ही ताकद पाश्चात्त्य ऑपेरातही दिसते. आल्बान बेर्गच्या 'वोत्सेक' या ऑपेराचं पहिलं संपूर्ण ध्वनिमुद्रण वाद्यवृंद-संचालक मित्रोपूलस यांनी १९५१मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये केलं, तेही श्रोत्यांसमोरच्या सादरीकरणातून. त्यात सूर निसटतात, वाद्यमेळ कुठे कुठे विस्कटतो. नंतर कितीतरी सफाईदार मुद्रणं निघाली, तरी जाणकार त्याच्याकडे वळतात, कारण ती धग इतरत्र सापडत नाही.

म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगाच्या मुद्रणाला सगळं माफ, असं नव्हे. आमच्या प्रतीत माईक वाद्यांच्या फार जवळ असावा. ढोलकी सूत्रधाराला गिळून टाकते, आणि सूत्रधार हरवला की कथेचा धागाच तुटतो. हा निखालस दोष आहे. पुसट शब्दांबद्दल तक्रार करायचीच तर ती इथे करा. ज्यांच्या कपाटात अशा फिती आहेत त्यांनी त्या संगणकावर उतरवताना ढोलकी थोडी मागे सारून सूत्रधार वर काढता येतो का, ते जरूर पाहावं. हशा, टाळ्या आणि पायांचा आवाज यांना मात्र हात लावू नये.