स्मरणशक्तीचा झटपट निकाल

पडद्यावर क्षणभर झळकलेले आकडे त्याच क्रमाने पुन्हा उतरवा, उजळून विझलेले चौकोन ओळखा, चित्रांच्या जोड्या जुळवा, आणि दोन-चार मिनिटांच्या अवधीत, एक पैही खर्च न करता, आपली स्मरणशक्ती शेकडा किती लोकांहून सरस आहे याचा दाखला मिळवा, असे आवाहन करणारे खेळ आता मुंबईच्या भोईवाड्यातल्या चाळींच्या सज्जांत, लोकलच्या डब्यांत आणि परळच्या इस्पितळांबाहेर ताटकळणाऱ्या आप्तेष्टांच्या हातांतही सर्रास दिसू लागले आहेत. विरंगुळा म्हणून त्यांस माझी हरकत नाही. परंतु खेळाअंती जो आकडा समोर येतो, त्यालाच आपल्या बुद्धीचा अखेरचा फैसला समजून कोणी हुरळून जातो आणि कोणी, विशेषतः साठी ओलांडलेला मनुष्य, मनात धास्ती घेऊन बसतो, ही गोष्ट मला चिंताजनक वाटते.

या खेळांची कुळकथा जुनी आहे. १८८७ साली लंडनमध्ये जोसेफ जेकब्स यांनी शाळकरी मुलांना अंकांच्या ओळी ऐकवून त्या जशाच्या तशा किती म्हणता येतात याची मोजणी केली, आणि १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी आपल्या सुप्रसिद्ध लेखात या तात्कालिक स्मृतीची मर्यादा सुमारे सात घटकांची, दोन कमी वा दोन अधिक, असल्याचे मांडले. तथापि या विषयातील सर्वांत उद्बोधक प्रयोग मला वाटतो तो १९८० साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचा. तेथील एका सामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याने दीड वर्षाहून अधिक काळ नेमाने सराव केला, आणि प्रारंभी ज्याला सातच अंक आठवत असत तो अखेरीस एकोणऐंशी अंकांची ओळ बिनचूक म्हणू लागला. हा विद्यार्थी धावपटू होता. ऐकलेल्या अंकांचे तो तीन-तीन, चार-चारांचे गट पाडी आणि शर्यतींच्या वेळांशी त्यांची सांगड घाली. सराव चालू असतानाच एकदा त्याच्यापुढे अंकांऐवजी अक्षरे ठेवली गेली, तेव्हा मात्र तो पुन्हा सहाच्या आसपास येऊन थांबला. त्याची स्मरणशक्ती वाढली नव्हती. अंकांना अर्थ देण्याची एक युक्ती त्याला साधली होती, आणि ती त्या अंकांपुरतीच होती.

पुढील संशोधनाचा कौलही बहुतांशी याच बाजूचा आहे. २०१० साली ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या, अकरा हजारांहून अधिक लोकांच्या सहा आठवड्यांच्या अभ्यासात असे दिसले की ज्या खेळांचा सराव केला त्यांत माणसे तरबेज झाली, इतर कामांत मात्र त्याचा लाभ आढळला नाही. जानेवारी २०१६ मध्ये ‘लुमॉसिटी’ हा खेळसंच विकणाऱ्या कंपनीने, जाहिरातींतील दाव्यांस पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याच्या अमेरिकी सरकारच्या आरोपाची तडजोड करताना, वीस लाख डॉलर भरण्याचे कबूल केले.

आता आपल्या वस्तीकडे वळू. ज्या काळी प्राथमिक शाळेतून तीसपर्यंतच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत, त्या काळी शिकलेला गिरणीकामगार खानावळीचा महिन्याचा हिशेब कागदाविना तोंडी करीत असे. सोशल सर्व्हिस लीगच्या परळमधील दामोदर नाट्यगृहात, जे १९२२ साली उभे राहिले, पाळी संपवून तालमीला येणाऱ्या कामगारांनी नाटकेच्या नाटके तोंडपाठ करून वठविली. कोकणातून आलेले नमन आणि दशावतार तेथे रंगले. रात्र-रात्र चालणाऱ्या भजनात पेटी-मृदंगाच्या साथीने कितीतरी अभंग वहीविना म्हणणारी माणसे या भागात अजूनही आहेत. या स्मृतीला चाल होती, ताल होता, संगतीला माणसे होती. एकाची ओळ अडली तर दुसरा ती उचलून धरी. अशा मनुष्यास विझणारे चौकोन दाखवून त्याच्या स्मरणाचे मोल ठरविणे मला अन्यायाचे वाटते.

भोईवाड्यातच दंडाधिकाऱ्यांचे न्यायालयही आहे, आणि स्मृतीचा खरा कस कोठे लागतो हे पाहावयाचे असेल तर साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे पाहावे. घडून कित्येक वर्षे लोटलेल्या प्रसंगाची तेथे उलटतपासणी होते. दिवा होता की अंधार, कोण डावीकडे उभे होते, असे तपशील विचारले जातात. मानवी स्मृती दुबळी असते हे कायद्याने फार पूर्वीच ओळखले: १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील १५९ व्या कलमाने, घटनेच्या सुमारास स्वतः केलेली नोंद पाहून आठवण ताजी करण्याची मुभा साक्षीदाराला दिली होती, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती कायम राखली आहे. जेथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते तेथे नोंद पाहण्यास हरकत नाही. मग किराणा मालाची यादी लिहून नेणाऱ्या वृद्धाने स्वतःस कमी का लेखावे?

वृद्धांविषयी मला अधिक आस्थेने बोलावयाचे आहे. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. ही बाब हसण्यावारी नेण्याजोगी खचित नव्हे. परंतु तिचे निदान शिक्षण, भाषा आणि सवय यांचा विचार केल्यावाचून होत नाही. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली, स्मृती आणि आकलन तपासणारी प्रसिद्ध कसोटी हरयाणातील बल्लभगढच्या खेड्यांत नेताना संशोधकांना तिची मांडणी बदलावी लागली; १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या हिंदी कसोटीत, वाक्य लिहून दाखवा असे निरक्षर वृद्धास म्हणण्याऐवजी, आपल्या घराविषयी काही सांगा असे विचारले गेले. मोबाईलवरील इंग्रजी सूचनांचा खेळ एवढी काळजी घेत नाही. बोट थरथरले, चष्मा विसरला, सूचना उमगली नाही, तरी गुण घटतात. आणि उलटपक्षी, सरावाने गुण वाढले म्हणून दुखणे टळले असेही नाही. हा दुसरा धोका मला पहिल्याहून मोठा वाटतो, कारण समाधानकारक आकडा पाहून कुटुंबे निर्धास्त होतात आणि मोलाची मुदत निघून जाते.

वाचकहो, खेळ अवश्य खेळा, नातवंडांशी पैजा लावा. परंतु घरातील वडीलधारे माणूस तोच प्रश्न पुन:पुन्हा विचारू लागले, नित्याच्या गल्लीत वाट चुकू लागले, पैशाच्या व्यवहारात गोंधळू लागले, तर त्याच्या हाती मोबाईल देऊन परीक्षा घेत बसू नका. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाचे औदासीन्य, कमी ऐकू येणे, यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि यांतील पुष्कळ गोष्टींवर इलाज आहे. १९२६ पासून रुग्णसेवेत असलेले के. ई. एम. रुग्णालय भोईवाड्याहून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तेथील मेंदूविकार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात त्यांना घेऊन जा, आणि केव्हापासून, काय काय विसरतात, याची तारीखवार नोंद कागदावर लिहून सोबत न्या.