शिकागोचा सार्वजनिक नाताळ

डिसेंबरात शिकागोचा सूर्य दुपारी चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो. २१ तारखेच्या आसपास दिवस जेमतेम नऊ तासांचा उरतो, आणि मिशिगन सरोवरावरून सुटलेला वारा कानटोपीतूनही कानाला झोंबतो. थँक्सगिव्हिंगपासून, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारपासून, नव्या वर्षापर्यंतचे सुट्टीचे दिवस नेमके याच काळोखात येतात. भारतातून नुकत्याच आलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला हिवाळा बहुधा हीटर, चहा आणि टीव्ही यांच्या सोबतीने घरातच सरतो. त्यात नवल नाही. पण या शहराचा नाताळ घरात जेवढा असतो तेवढाच चौकात, रेल्वेगाडीत, दुकानांच्या काचांमागे आणि बर्फाच्या मैदानावरही असतो. गणेशोत्सवासारखाच तो सार्वजनिक आहे, आणि दार उघडून बाहेर पडल्याशिवाय तो भेटत नाही.

हे सार्वजनिकपण कसे आले, याची हकीकत सरोवरापासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागोच्या घराघरांत लागणारी नाताळची झाडे उत्तरेकडच्या जंगलांतून शिडाच्या गलबतांनी येत. हर्मन शूनमन नावाचा कप्तान क्लार्क स्ट्रीटच्या पुलाशी गलबत लावून थेट डेकवरूनच झाडे विकी. मधला व्यापारी नसल्याने भाव कमी पडे, शिवाय गरिबांना तो काही झाडे फुकटही देई. लोक त्याला ‘कॅप्टन सांता’ म्हणत. नोव्हेंबर १९१२ मध्ये तो ‘राउज सिमन्स’ या तीन डोलकाठ्यांच्या गलबतात हजारो झाडे भरून निघाला. २३ तारखेच्या वादळात गलबत विस्कॉन्सिनच्या किनाऱ्याजवळ बुडाले आणि त्यावरचे कोणीही वाचले नाही. पुढे कित्येक वर्षे त्या भागातल्या कोळ्यांच्या जाळ्यांत झाडे अडकत राहिली. गलबताचे अवशेष १९७१ साली सरोवराच्या तळाशी सापडले, तेव्हाही त्याच्या पोटात झाडांचे खोड-फांद्यांचे सांगाडे होते. कप्तानाची पत्नी आणि मुली खचल्या नाहीत. पुढची अनेक वर्षे त्यांनी झाडांचा व्यवसाय चालवला. त्या गलबताची आठवण म्हणून २००० सालापासून तटरक्षक दलाचे जहाज डिसेंबरच्या सुरुवातीला झाडे घेऊन नेव्ही पिअरच्या धक्क्याला लागते, आणि ती झाडे गरजू कुटुंबांना वाटली जातात. शहरातल्या सगळ्या नाताळ-सोहळ्यांत हा सर्वांत कमी झगमगाटाचा आणि कदाचित सर्वांत मोलाचा सोहळा असेल.

गलबत बुडाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, शिकागोने ग्रँट पार्कमध्ये शहराचे पहिले सार्वजनिक झाड उभारले. न्यूयॉर्कमध्ये आदल्या वर्षी अशीच सुरुवात झाली होती. दिवाणखान्यातले झाड मैदानात आले आणि विजेच्या दिव्यांनी उजळले. ज्यांच्या घरी झाड आणायची ऐपत नव्हती, त्यांनाही झाड मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यात देव्हाऱ्यातला गणपती मांडवात आला होता, त्याची इथे आठवण होते. कारणे वेगळी, पण घरचा सण चौकात आणण्याची ओढ सारखीच. आज हे झाड मिशिगन ॲव्हेन्यूला लागून मिलेनियम पार्कमध्ये असते. बाजारातून विकत आणलेले झाड इथे चालत नाही. आसपासच्या उपनगरांतले एखादे कुटुंब आपल्या अंगणातला उंच वाढलेला स्प्रूस किंवा फर शहराला देते. झाड कापले जाताना सगळी गल्ली बघायला जमते.

सण पाहण्याची सुरुवात या झाडापासून करावी आणि उरलेला फेरफटका शक्यतो पायी करावा. जवळच मेसीजचे जुने, प्रचंड दुकान आहे. २००६ पर्यंत ते मार्शल फील्ड्स होते, आणि जुने शिकागोकर आजही त्याला त्याच नावाने ओळखतात. स्टेट स्ट्रीटच्या बाजूच्या काचांमागे दरवर्षी हलत्या बाहुल्यांचे देखावे मांडले जातात. मांडवातले हलते देखावे बघत वाढलेल्या माणसाला या काचांपुढे थबकायला कोणी शिकवावे लागत नाही. आत सातव्या मजल्यावर १९०७ साली सुरू झालेली वॉलनट रूम ही भोजनशाला आहे आणि तिच्या मधोमध ४५ फुटी झाड. इथल्या चिकन पॉट पायची गोष्ट प्रसिद्ध आहे. दुकानातल्या मिसेस हेरिंग नावाच्या विक्रेतीने भुकेल्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या डब्यातला पॉट पाय देऊ केला, आणि त्यातूनच दुकानात उपाहारगृह निघाले. सुट्टीत जेवणासाठी तासन् तास थांबावे लागते. नुसते झाड पाहायचे असेल तर वरच्या मजल्याच्या कठड्यापाशी उभे राहिले तरी पुरते.

तिथून थोडे पश्चिमेला डेली प्लाझा आहे. १९६७ पासून तिथे पिकासोचे ५० फुटी पोलादी शिल्प उभे आहे, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्या पायथ्याशी क्रिस्टकिंडलमार्केट भरते. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या बाजाराचा नमुना समोर ठेवून १९९६ मध्ये ते सुरू झाले आणि पुढच्या वर्षी या चौकात आले. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या छपरांची लाकडी दुकाने, फुंकून केलेल्या काचेची नक्षीदार फळे आणि पक्षी, साखरेत परतलेले बदाम, आणि सगळीकडे दालचिनी-लवंगेचा वास. तो ग्लूवाइनचा, म्हणजे मसाले घालून गरम केलेल्या तांबड्या वाइनचा असतो. मुलांसाठी गरम चॉकलेट मिळते. पेय दरवर्षी नव्या रंगाच्या, नव्या चित्राच्या मगमध्ये देतात आणि तो मग घरी नेता येतो. कित्येक घरांच्या फळीवर या मगांची ओळ असते. त्या ओळीवरून ते कुटुंब किती हिवाळ्यांपूर्वी इथे आले हे मोजता येते. शाकाहारी माणसाला बटाटा किसून तळलेली धिरडी सफरचंदाच्या गोड रश्शाबरोबर खाता येतात, मात्र पिठात अंडे असते का, ते आधी विचारून घ्यावे. शनिवारी संध्याकाळी इथे पाऊल ठेवायला जागा नसते. मधल्या वारी दुपारी तीनच्या सुमारास गेल्यास बाजारही नीट पाहता येतो आणि अंधार पडताना दिवे लागण्याची वेळही साधते.

थंडी असह्य झाली तर जमिनीखाली उतरावे. पेडवे नावाचा भुयारी पादचारी मार्ग मध्य शिकागोच्या चाळीसहून अधिक ब्लॉक्सखालून तुकड्या-तुकड्यांनी सुमारे पाच मैल पसरलेला आहे. डेली प्लाझाजवळून मेसीजखालून थेट कल्चरल सेंटरपर्यंत त्यातून जाता येते. १८९७ साली सार्वजनिक वाचनालय म्हणून बांधलेल्या या इमारतीत टिफनी काचेचा ३८ फूट व्यासाचा घुमट आहे. प्रवेश विनामूल्य असतो, पण त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याने आतल्या वैभवाचा अंदाज बांधू नये.

मिशिगन ॲव्हेन्यूवरच पुढे आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय लागते. दारातल्या दोन कांस्य सिंहांच्या गळ्यात या दिवसांत हिरवे हार घातलेले असतात. हीच ती इमारत, जिथे सप्टेंबर १८९३ मध्ये सर्वधर्म परिषद भरली आणि विवेकानंद बोलले. मुंबईहून आलेले ब्राह्मो समाजाचे बी. बी. नागरकरही त्या व्यासपीठावर होते. मुलांना घेऊन मात्र आधी तळघरातल्या थॉर्न दालनात जावे. एक फुटाला एक इंच या मापात केलेल्या ६८ खोल्या तिथे भिंतीत बसवल्या आहेत. नाताळात त्यांतल्या काही त्या-त्या काळाच्या रीतीने सजतात: नखाएवढी भेटीची खोकी, बोटभर उंचीचे झाड, चुलीपाशी लटकवलेला मुंगीएवढा मोजा. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडलेल्या मुलाला हे काम आतून कळते. काचेला नाक लावून ते मूल तिथे बराच वेळ उभे राहते, आणि मोठ्यांनी घाई करू नये.

या सगळ्यांत मुलांच्या सर्वाधिक लक्षात राहते ती आगगाडी. शिकागोच्या शहर-रेल्वेने १९९२ मध्ये गरजूंकडे अन्नाची खोकी पोचवायला एक गाडी शुभेच्छांची पाटी लावून पाठवली. तिचीच पुढे हॉलिडे ट्रेन झाली. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मार्गावर ती धावते आणि भाडे नेहमीचेच असते. उंच, उघड्या फलाटावर वारा सोसत उभे असताना दूरच्या वळणावर रंगीत दिव्यांचा एक ठिपका दिसतो, तो वाढत जातो, आणि डब्यांच्या कडाकडांनी दिवे माळलेली गाडी गाणी वाजवत फलाटात शिरते. मधल्या उघड्या वाघिणीवर सांताक्लॉज स्लेजमध्ये बसून हात हलवतो. आतल्या दांड्यांना लाल-पांढरे पट्टे गुंडाळलेले, दिवे लाल-हिरवे, आणि हिरव्या पोशाखातले मदतनीस पट्टेरी गोळ्या वाटत फिरतात. पहिल्या गाडीत चढता आले नाही तरी वाईट वाटून घेऊ नये. गाडी फलाटावरून पाहण्यातच अर्धी मजा आहे.

दक्षिणेला विज्ञान व उद्योग संग्रहालयात १९४२ पासून देशोदेशीच्या नाताळाचे प्रदर्शन भरते. पहिल्या वर्षी युद्धात लढणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी एकच झाड होते. ते रोज वेगवेगळ्या देशाच्या रीतीने सजवत. आता पन्नासहून अधिक झाडे असतात, आणि ती सजवतात त्या-त्या समाजाचे शहरातले लोक. कागदी पक्षी, गवताच्या चांदण्या, भरतकाम केलेल्या पट्ट्या असे ज्याचे जे असेल ते फांदीवर चढते. प्रकाशाच्या इतर सणांना जोडून दिवाळीलाही तिथे जागा मिळाली आहे. मराठी मंडळांनी हे प्रदर्शन नुसते पाहण्यावर थांबू नये. दहा-बारा जणांनी एका संध्याकाळी बसून आकाशकंदील आणि पणत्या केल्या, तर असल्या ठिकाणी मांडायला उत्तम काही तयार होते.

उत्तरेला लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयात १९९५ पासून ‘झू-लाइट्स’ची रोषणाई होते. दिवसा प्रवेश विनामूल्य, रोषणाईला बहुतेक संध्याकाळी तिकीट. ज्यांना दिव्यांपेक्षा ऊब हवी, त्यांनी शहर-रेल्वेच्या ग्रीन लाइनने गारफील्ड पार्कच्या काचघरात जावे. १९०८ साली उघडलेल्या या काचघरात ताडामाडांचे दालन आहे, आणि दुसऱ्या एका दालनात ऊस, केळी, लिंबाच्या जातीची झाडे वाढतात. बाहेर बर्फ असताना चष्म्यावर धुके धरते, ओल्या मातीचा वास येतो, आणि वाफाळलेल्या हवेत उसाच्या पानाला हात लावता येतो. आजीआजोबा मुलांकडे हिवाळ्यात आले असतील तर त्यांना इथे आधी आणावे, बाकीचे शहर नंतर दाखवावे.

रंगभूमीवर गुडमन थिएटर १९७८ पासून डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ दरवर्षी करते. जॉफ्री बॅलेचा ‘नटक्रॅकर’ पाहावा तो त्याच्या कथेसाठी. क्रिस्टोफर व्हीलडन यांनी २०१६ मध्ये रचलेल्या या आवृत्तीत श्रीमंत घरातली मेजवानी नाही. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामावर राबणाऱ्या, परदेशातून आलेल्या कामगारांच्या वस्तीतला नाताळ आहे, आणि नायिका शिल्पकाम करणाऱ्या एका आईची मुलगी आहे. परक्या देशात सण कशाने उभा राहतो, हे त्यात शब्दांविना कळते.

बर्फावर घसरण्याचा खेळ मिलेनियम पार्कच्या मैदानावर आणि शेजारच्या मॅगी डेली पार्कच्या पाव मैल लांबीच्या वळणदार पट्टीवर चालतो. दोन्हीकडे आधी वेळ राखून ठेवावी लागते. पहिल्यांदा जाणाऱ्याने जाड मोजे घालावेत, घोट्याशी बूट घट्ट आवळावेत, आणि पडताना हात मागे टेकू नयेत. मनगट त्यानेच दुखावते.

कपड्यांत एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे: अंगालगत घाम बाहेर टाकणारा, मधे लोकरीचा, वर वारा अडवणारा. सुती मोजे ओले झाले की पाय गोठतात. गाडी आणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की १ डिसेंबर ते १ एप्रिल या काळात शहराच्या काही मुख्य रस्त्यांवर पहाटे तीन ते सातपर्यंत गाडी उभी करता येत नाही, बर्फ पडो वा न पडो. रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या यातच उचलल्या जातात.

हा सण मराठी माणसाला तसा परका नाही. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला, वसई आणि गोव्याच्या वाटेने रुळलेला. गोव्यात या दिवसांत नेवऱ्या, दोदोल आणि बिबिंक होते, वसईत गोठ्याचे देखावे लागतात आणि दारावर कागदी तारा चढतो. आकाशकंदिलाचाच तो भाऊबंद. मंडळातल्या ज्या घरांत हे पदार्थ होतात, त्या घरांनी डिसेंबरातल्या भेटीगाठींना ते आणावेत आणि इतरांनी करंज्या न्याव्यात. नेवरी आणि करंजी शेजारी ठेवल्या की नाते सांगावे लागत नाही.

२५ तारखेला सण संपतो असेही नाही. ६ जानेवारीला हम्बोल्ट पार्क भागात प्वेर्तो रिकोचे लोक तीन राजांचा दिवस साजरा करतात आणि मुलांना खेळणी वाटतात. त्याच सुमारास शहराच्या ठरावीक बागांत लोक आपापली झाडे आणून टाकतात. दिवे, तारा आणि पिशव्या काढून झाड तेवढे ठेवायचे. त्याचा भुसा होतो, आणि तो नागरिकांना बागेसाठी फुकट नेता येतो. तोवर डिव्हॉन ॲव्हेन्यूच्या भारतीय दुकानांत तीळ आणि चिक्कीचा गूळ पुढच्या फळीवर आलेला असतो.