बांधावरच्या चाचणीची विश्वासार्हता साहित्यावरच ठरते

भुईमुगातील अफ्लाटॉक्सिन असो वा भाजीपाल्यावरील कीटकनाशकांचे अवशेष, तपासणी बांधावरच व्हावी यासाठी सूक्ष्मप्रवाही उपकरणांकडे आशेने पाहिले जाते. केसाएवढ्या अरुंद वाहिन्यांतून नमुन्याचे थोडेसे द्रव नेऊन त्याचे परीक्षण करणे, हे त्यांचे तत्त्व. चर्चा मात्र रसायनाचीच होते. उपकरण कशाचे बनले आहे आणि त्याचे भाग कसे सांधले आहेत, हा प्रश्न मागे पडतो. प्रत्यक्षात चाचणीची विश्वासार्हता तेथेच ठरते.

प्रयोगशाळेत पीडीएमएस हे सिलिकॉन रबर लोकप्रिय आहे. ते साच्यावर ओतून अल्पावधीत नवी रचना पारखता येते. परंतु क्लोरपायरीफॉससारखी पाण्यात अत्यल्प विरघळणारी द्रव्ये ते स्वतःच शोषून घेते. परिणामी भाजीवर अवशेष असूनही उपकरण ते कमी दाखवू शकते. कठीण प्लास्टिकमध्ये हा दोष कमी असून इंजेक्शन मोल्डिंगने त्याचे हजारो नग काढता येतात. मात्र साचा महाग असल्याने रचना निश्चित होईपर्यंत तो परवडत नाही. कागदाला तर पंपही लागत नाही, द्रव केशाकर्षणाने पुढे सरकते. २००७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदावर जलरोधक सीमा आखून अशा वाहिन्या तयार केल्या. तथापि दमट हवेत कागदातील प्रवाहाचा वेग बदलतो.

सारांश, एकच साहित्य सर्व कामांना पुरे पडत नाही. प्रचलित चाचणीपट्टी हेच सांगते. नमुना शोषणारा थर, रंगीत कणांना जोडलेली प्रतिपिंडे धरून ठेवणारे काचतंतू, रेषा उमटवणारा नायट्रोसेल्युलोजचा पडदा, उरलेले द्रव ओढणारा कागद आणि प्लास्टिकचा आधार, असे प्रत्येकाचे काम वेगळे. हैदराबादजवळील इक्रिसॅटने अफ्लाटॉक्सिनसाठी विकसित केलेली चाचणीही पट्टीचीच आहे.

असे भिन्न भाग सांधणे हे खरे कौशल्य. उष्णतेने सांधल्यास प्रतिपिंडे निकामी होऊ शकतात. चिकट थर वापरल्यास त्यातील द्रव्य वाहिनीत उतरण्याची भीती असते. म्हणून सांधणीची पद्धत संशोधनाच्या आरंभीच ठरली पाहिजे आणि त्या चर्चेत विस्तार कार्यकर्त्यांना स्थान मिळाले पाहिजे. मे महिन्यात बंद वाहनात ठेवलेला संच किती तापतो, हे त्यांच्याइतके कोण जाणते?

संच खरेदी करण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. तो किती तापमानात व आर्द्रतेत किती महिने टिकतो? त्याची पारख प्रत्यक्ष पिकाच्या नमुन्यावर झाली आहे की केवळ शुद्ध द्रावणावर? निरनिराळ्या उत्पादन-गटांतील संच एकच निष्कर्ष देतात का? उत्तरे लेखी मागावीत. चुकीच्या निष्कर्षामुळे चांगला माल नाकारला जातो, किंवा दूषित माल ताटापर्यंत पोहोचतो. दोन्ही वेळा किंमत शेतकरी आणि ग्राहकच मोजतो.