फडक्याला अत्तर नको, आधण द्या!

दरवर्षी आपल्या स्मरणिकेत प्रवासवर्णनं असतात, कविता असतात, मुलांची चित्रं असतात, गावाकडच्या आठवणी असतात. यंदा मी ओट्यावरच्या फडक्याबद्दल लिहिणार आहे. विषय हलका वाटेल, पण इथल्या आपल्या कितीतरी घरांत हे फडकं कुबट वास मारतं, आणि सगळे जण तो वास झाकायला पैसे खर्च करतात, घालवायला मात्र कोणी हात हलवत नाही. माझं भांडण आहे ते याच्याशी.

गंमत बघा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, दुबईत जेमतेम शंभर. इथे वर्षाकाठी सुमारे साडेतीन हजार तास ऊन असतं. कोकणात आषाढात फडक्याला वास आला तर समजू शकतं, पण वाळवंटात? यावर उत्तर तयार असतं, "अहो, इथली हवाच दमट!" हे अर्धंच खरं आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात रात्री बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याची काच धुकटते, हे कबूल. पण आपण राहतो एसीत, आणि एसी खोलीतल्या हवेतला ओलावा काढूनच टाकत असतो. त्याच्या नळीतून टपटपणारं पाणी ते हेच. दोष हवेचा कमी आणि फडकं टाकतो त्या जागेचा जास्त. सिंकच्या नळावर चुंबळ करून ठेवलेलं, बेसिनखालच्या कपाटात कोंबलेलं, नाहीतर खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये एकावर एक लटकवलेलं फडकं वाळणार तरी कसं?

आता वास येतो कशाचा ते पाहू. २०१२ साली जपानी संशोधकांनी घरी धुतलेल्या टॉवेलांचा अभ्यास करून या वासाचा मुख्य गुन्हेगार शोधून काढला. त्या जिवाणूचं नाव मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस. कापडात उरलेला घाम, तेल, तूप हे त्याचं खाद्य, आणि ते खाऊन तो जे आम्ल सोडतो त्याचा तो ओळखीचा कुबट वास. आपल्या स्वयंपाकघरात तर त्याची रोजच मेजवानी! फोडणीचं तेल, भाजीचा रस, दुधाचे ओघळ, सगळं त्या एका फडक्याने टिपायचं आणि गार पाण्याखाली एकदा पिळून ठेवून द्यायचं. गार पाण्याने तेल निघत नाही, हे कढई घासणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

या जिवाणूची दुसरी खोडही त्याच संशोधनात दिसली. तो कोरड्यात टिकतो आणि अतिनील किरणांनाही सहजी दाद देत नाही. वाळल्यावर छान वाटणारं फडकं ओलं होताच पुन्हा का घाणेरतं, याचं कोडं इथे उलगडतं. वास तेवढा दबलेला असतो, जिवाणू घरातच असतो. म्हणून "उन्हात टाकलं की झालं" म्हणणाऱ्यांशीही माझा वाद आहे. झटपट वाळवल्याने त्याची वाढ थांबते, पण मुळात त्याला मारायला उष्णता लागते.

आपल्या आधीच्या पिढ्यांना जिवाणूचं नाव ठाऊक नव्हतं, पण उपाय ठाऊक होता. घरची मसोती, पंचे, बाळाची दुपटी धुण्याचा सोडा घालून उकळली जात. गावचा परीट भट्टी लावत असे. स्वच्छतेसाठी हातात खराटा घेऊन गावोगाव फिरलेले संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) परीट घराण्यातच जन्मले. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात ग्रामस्वच्छता अभियान चाललं, आपणही कार्यक्रमांत त्यांच्या तसबिरीला हार घालतो. त्याच कार्यक्रमाच्या जेवणानंतर टेबलं पुसायचं फडकं मात्र ओलंच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीच्या डिकीत टाकतो. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत बंद पिशवी. दुसऱ्या दिवशी ती पिशवी उघडणाऱ्याला विचारा!

आणि यावर आपण काय करतो? सुपरमार्केटात जाऊन सुगंध आणतो. इथल्या दुकानांत सॉफ्टनरच्या रंगीत बाटल्यांची रांगच्या रांग असते, गुलाबापासून उदापर्यंत. उदाशी किंवा बखूरशी माझं वैर नाही. पण धुरी फिरवायची ती घर स्वच्छ करून झाल्यावर, झाडण्याऐवजी नव्हे. त्यातून सॉफ्टनर सुती धाग्यावर पातळ थर चढवतो. फडकं मऊ लागतं, पण पाणी कमी शोषतं. म्हणजे ज्या कामासाठी फडकं आणलं तेच काम ते धड करत नाही. जास्त पावडर टाकण्याचंही तसंच. ती पुरती निघत नाही, धाग्यात साठते आणि मळ धरून ठेवते. पैसे देऊन फडकं बिघडवण्याचा हा प्रकार आहे.

"वासाने काय कुणी मरतं का?" असं विचारणारेही आहेत. हा वास करणारा जिवाणू निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाही, हे खरं. पण तो जिथे सुखाने नांदतो तिथे दुसरेही नांदतात. मॉरिशस विद्यापीठातल्या संशोधकांनी महिनाभर वापरलेली स्वयंपाकघरातली १०० फडकी तपासली आणि निष्कर्ष २०१८ मध्ये मांडले. त्यांतल्या ४९ फडक्यांवर जिवाणू वाढलेले आढळले. एकच फडकं अनेक कामांना वापरलं किंवा ते दमट राहिलं, तर जिवाणूंची संख्या जास्त. मोठ्या कुटुंबांत आणि सामिष घरांत धोका अधिक. मॉरिशस म्हणजे आपल्यासारखीच दमट किनाऱ्याची हवा, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसंही राहतात. कच्च्या कोंबडीचं पाणी टिपलेल्या फडक्याने मुलाचा डबा पुसला तर वरून लॅव्हेंडरचा वास आला म्हणून पोट बिघडायचं थांबत नाही.

तर करायचं काय? साध्या गोष्टी आहेत. ओट्याचं फडकं वेगळं, हाताचं वेगळं, भांडी पुसायचं वेगळं, जमिनीचं पोतेरं तर वेगळंच. कच्चं मांस-मासळी टिपायला कागदच बरा. रोज रात्री फडकं बदलायचं, आणि वापरलेलं लगेच धुणार नसाल तर पसरून ठेवायचं, टोपल्यात ओलं कोंबायचं नाही. सुती फडकी वेगळी काढून मशीनमध्ये ६० अंशांवर धुवायची, सॉफ्टनर न घालता. मुरलेला वास असेल तर मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळायची. पातेलं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियम सोड्याने काळं पडतं. ब्लीच वापरणार असाल तर त्यात व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं आम्ल कधीही मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू निघतो. मशीनचं रबर पुसा, दार उघडं ठेवा. आणि स्पंजवर फार माया नको. जर्मनीत २०१७ मध्ये झालेल्या अभ्यासात, नेमाने निर्जंतुक केले जाणारे स्पंजही जिवाणूंच्या बाबतीत इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. ते ठरावीक दिवसांनी फेकून देणंच शहाणपणाचं.

"बाल्कनीत वाळत घालता येत नाही ना," हा पुढचा मुद्दा. बरोबर. २०२१ मध्येही दुबई नगरपालिकेने रहिवाशांना तशी जाहीर आठवण करून दिली होती, आणि शहर नीटनेटकं दिसावं ही अपेक्षा गैर नाही. पण फडकी म्हणजे काही नऊवारी लुगडी नव्हेत! चार फडक्यांना एक घडीचा स्टँड पुरतो. तो एसीच्या खोलीत, वाऱ्याच्या झोतात उभा करा, रात्रभरात कडकडीत वाळतात. "साठ अंशाने बिल वाढतं," म्हणणाऱ्यांनी आठवड्याची फडकी एकत्र करून एकदाच लावावीत आणि सॉफ्टनरचे वाचलेले दिरहम त्यातून वजा करावेत. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापून येतं, त्यावर मात्र विसंबू नका. हात पोळण्याइतकं गरम पाणीही जिवाणू मारायला पुरेल असं नाही.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचतो. फडक्याला वास आला की पहिली बोलणी खाते ती कामाला येणारी बाई, आणि ती नसेल तर घरची गृहिणी. "नीट धूत नाहीस!" पण तिच्या हाती काय दिलेलं असतं? एकच फडकं, थंड पाण्याचा पंधरा मिनिटांचा प्रोग्रॅम आणि सुगंधी बाटली. वाळत घालायला जागा नाही. तिने अख्खा दिवस घासलं तरी वास जाणार नाही, कारण चूक तिच्या हातांची नसून आपण घालून दिलेल्या पद्धतीची आहे. ओटा पुसणं बाईचं काम आणि फडक्यावर नाक मुरडणं पुरुषाचं, ही वाटणीही आता बंद व्हायला हवी. घरातल्या पुरुषमंडळींना मशीनवरचा ६० चा आकडा नक्कीच वाचता येतो.

म्हणून माझी दोन मागण्यांची यादी. घरी, या शुक्रवारपासून, घरातलं प्रत्येक फडकं एकदा उकळून घ्या आणि बदलीला निदान सात तरी ठेवा. मंडळात, गणेशोत्सवाच्या जेवणाच्या खर्चात दोन डझन सुती फडक्यांचा आणि ती धुऊन वाळवण्याचा हिशेब धरा, आणि ती जबाबदारी आळीपाळीने नाव लिहून द्या, बायकांची आणि पुरुषांचीही. आपल्या पंगतीला आलेल्या पाहुण्याला सुगंध नाही मिळाला तरी चालेल. त्याचं ताट पुसलेलं फडकं स्वच्छ असलं पाहिजे.