टाळ्यांत हरवलेली कविता

जळगाव-धुळ्याच्या समारंभांतून कुसुमाग्रजांची ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ रणगर्जना म्हणून गाजवली जाते. हा कवितेवर अन्याय आहे. १६७४ साली नेसरीला प्रतापराव गुजर व त्यांचे साथीदार पडले. कवी तेथे विजयाचा नगारा वाजवीत नाही. अखेरीस तो दगड, ओढा आणि क्षितिजावरची धूळ यांना साक्षीस बोलावतो. माणसे विसरतात, माती विसरत नाही. काव्यास्वादाचा आरंभ येथे आहे. पांझरा-गिरणाकाठच्या मुलांना ओढा आणि धुरळा समजावून सांगावा लागत नाही. त्यांना थांबून पाहू द्यावे लागते. अर्थशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले. युद्धाचा जमाखर्च सरकार मांडते. त्यातून गळलेली रक्कम कवी नोंदवतो. म्हणून कार्यकर्त्यांनो, अभ्यासवर्गात ही कविता गाण्याआधी सावकाश वाचा.