यंत्रांच्या संगतींत : कमी झिजलेलें चाक

पुण्याहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. त्यांचा पुतण्या अमेरिकेंत नोकरीस असून सुटीच्या दिवशीं शर्यतीची मोटार चालवितो. तिच्या पुढील डाव्या चाकाचा ब्रेक उजव्याच्या मानानें फार लवकर झिजतो. दर दोनतीन शर्यतींनंतर तो त्या चाकाचें लायनिंग बदलतो. तरी ब्रेक दाबतांच गाडी डावीकडे ओढते ती ओढतेच. “घरांत यांतलें कोणासच कळत नाहीं, पण काळजी सर्वांस आहे. भिण्याजोगें कांहीं आहे काय?” असें त्या विचारतात.

भगिनी, भिण्याजोगें आहे. पण शोध कठीण नाहीं. मात्र तो बहुधा चुकीच्या चाकापाशीं चालला आहे.

त्यांची गाडी ‘फॉर्म्युला व्ही’ या वर्गांतील आहे. अमेरिकेंत या वर्गास १९६३ सालीं मान्यता मिळाली. सांगाडा शर्यतीचा, पण १२०० सी. सी. चें इंजिन, पुढचा आंस व ब्रेक हे जुन्या फोक्सवॅगन बीटलचे, अशी ही काटकसरीची गाडी. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जॅग्वारनें जिंकली, आणि पुढें शर्यतींतून ड्रम ब्रेक मागें पडले. या वर्गांत ते टिकून आहेत. आपल्या स्कूटरींत व पुष्कळ मोटारींच्या मागील चाकांत आजही तेच असतात. म्हणून ही माहिती घरोघर उपयोगी पडेल.

चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा तो ड्रम. त्याच्या आंत न फिरणारे दोन कमानदार शू असतात व त्यांवर लायनिंग बसविलेलें असतें. पेडल दाबलें कीं तेलाचा दाब नळ्यांतून चाकाच्या सिलिंडरांत येतो, त्यांतील दोन दट्टे बाहेर सरकतात आणि दोन्ही शू ड्रमला आंतून भिडतात. फिरता ड्रम एका शूस आपल्याबरोबर ओढून अधिकच घट्ट करतो. दुसऱ्यास दूर लोटतो. पहिल्यास पुढचा शू व दुसऱ्यास मागचा शू म्हणूं. एकाच चाकांतील पुढचा शू अधिक झिजणें हा दोष नव्हे, तो या रचनेचा स्वभावच आहे. उलट मागचा शू अधिक झिजला असेल, तर पुढच्याचा दट्टा अडकला आहे किंवा त्याचें ड्रमपासूनचें अंतर चुकलें आहे असा संशय घ्यावा. बीटलमध्यें प्रत्येक शूचें अंतर स्वतंत्रपणें जुळवावें लागतें, हें विसरूं नये.

परंतु एकाच आंसावरील डाव्या-उजव्या चाकांची झीज जवळजवळ सारखी हवी, कारण दोहोंकडे तेलाचा दाब एकच असतो. तींत मोठा फरक पडला तर कारणें दोन: डावा ब्रेक सुटत नाहीं, किंवा उजवा कामच करीत नाहीं. उजव्यानें अंग चोरलें, कीं गाडी थांबविण्यासाठीं चालक पेडल अधिक जोरानें दाबतो, आणि सारा भार डाव्यावर पडतो. झिजतो एक, दोषी दुसरा!

याचा निवाडा असा करावा. गाडी भक्कम टेकूंवर घेऊन पेडल दाबावें व सोडावें, आणि डावें चाक हातानें फिरवून पाहावें. तें अडखळत असेल तर सिलिंडरावरील हवा काढण्याचें निपल किंचित् सैल करावें. तेल उडून चाक लागलीच मोकळें झालें, तर दाब आंत कोंडला होता; तेव्हां रबरी नळी आंतून सुजली आहे काय हें प्रथम पाहावें. तरीही अडलेलेंच राहिलें, तर दट्टा गंजला आहे, परतीची स्प्रिंग थकली आहे किंवा शू फार जवळ बसविला आहे.

डावें चाक मोकळें फिरत असेल, तर तें निर्दोष समजून उजव्याकडे वळावें. तेथें अडकलेला दट्टा, शूचें अधिक अंतर, किंवा बेअरिंगचें ग्रीस वा गळणारें ब्रेकचें तेल पिऊन गुळगुळीत झालेलें लायनिंग सांपडेल. तेल प्यालेलें लायनिंग धुऊन वापरूं नये. आणि नवें घालावयाचें तें दोन्ही चाकांस एकदमच घालावें.

शूची जाडी कडेकडेनें व मध्यें, अशी अनेक ठिकाणीं मोजून लिहून ठेवावी. एकच कड झिजली असेल तर शू वांकडा आहे किंवा ड्रम एका तोंडाशीं फाकला आहे. केवळ मधला भाग किंवा केवळ टोकें झिजलीं असतील तर लायनिंगची गोलाई ड्रमशीं जुळत नाहीं. लायनिंगवर खडू फासून ड्रम फिरविला, कीं तें कोठें टेकतें हें स्वच्छ दिसतें. एक सूचना मात्र कटाक्षानें पाळावी: आंतली धूळ फुंकूं नये. जुन्या लायनिंगांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, व तें फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें पुसावें.

हें सारें घाईनें करावयास हवें, कारण सरळ पट्ट्याच्या शेवटीं, वळणाच्या तोंडाशीं, पेडलवर सर्व जोर पडतो. त्या क्षणीं डावें चाक जखडलें तर घसरतें, आणि घसरणारें चाक सुकाणूचें ऐकत नाहीं. नव्या लायनिंगानें हा धोका टळत नाहीं. उजवें चाक कामचुकार राहतें तें राहतेंच.

मोठ्या घरांत राहणाऱ्यांस हें नवें नाहीं. जी सून सर्वांत थकलेली दिसते तिच्या प्रकृतीची चौकशी होते; कामें कोणीं टाकलीं याची होत नाहीं.

तेव्हां भगिनी, पुतण्यास उपदेशाचें लांब पत्र लिहूं नका. एवढेंच विचारा: “उजवें चाक शेवटचें कधीं उघडलें होतेंस?” आणि तें उघडून, मोजून, दुरुस्त होईपर्यंत शर्यतीस जाऊं नकोस, हेंही वडीलकीच्या नात्यानें लिहा.